विश्लेषण : पाटी हरते तिथे खराटा का जिंकतो? गाडगेबाबांच्या कामामागचे वर्तनशास्त्र

भिवंडीतल्या यंत्रमागांच्या गल्लीत किंवा एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्यात एक दृश्य हमखास दिसते. थुंकण्यास मनाई असल्याची पाटी आणि तिच्याच खाली पानाच्या पिचकाऱ्या. त्याच भिंतीवर कुणी सर्व धर्मांच्या चिन्हांच्या फरशा बसवल्या, की तो कोपरा बहुतेक वेळा वाचतो. पाटी वाचून माणूस पुढे जातो, फरशी पाहून क्षणभर थबकतो. रोजच्या अशा छोट्या निर्णयांना जबरदस्ती न करता वळण कसे लावता येते, याचा अभ्यास वर्तनशास्त्रात होतो. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच प्रांतातील कामासाठी. महाराष्ट्रात मात्र त्याच्या शंभरेक वर्षे आधी एक निरक्षर माणूस हातात खराटा घेऊन हेच काम गावोगाव करत होता. संत गाडगेबाबा.

डेबूजी जानोरकर कोण होते?

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावी आली. गुरे राखण्यात आणि औत हाकण्यात बालपण गेले, शाळा वाट्याला आलीच नाही. पुढे सावकाराने मामाची जमीन कागदोपत्री गिळली, तेव्हा अक्षर न येण्याची किंमत डेबूजींनी घरातच पाहिली. दारू, कर्ज आणि निरक्षरता हे विषय त्यांच्या कीर्तनात आयुष्यभर येत राहिले. ते कुठून ऐकून आलेले नव्हते.

बारशाच्या पंगतीत काय घडले?

त्यांच्या पद्धतीची पहिली चुणूक दिसते ती मुलीच्या बारशाला. अशा प्रसंगी जातभाईंना मटण आणि दारूची पंगत द्यायची, त्यासाठी प्रसंगी कर्ज काढायचे, ही रीत होती. डेबूजींनी पंगत घातली, पण गोडाधोडाची. दारू आणि मटण नव्हते. लोक नाराज झाले, कुजबुज झाली, तरी जेवून गेले.

यात एक बारकावा आहे. त्यांनी समारंभ रद्द केला नाही. पाहुणे आले, पानावर बसले, यजमानाचा मान राहिला. बदलला तो फक्त पानातला पदार्थ. एखादी वाईट सवय मोडायची तर तिच्या भोवतीचे चांगले तसेच ठेवून आतला एक भाग बदलणे सोपे जाते, हे आजच्या व्यसनमुक्तीच्या कामातही मानले जाते. रीत सगळीच मोडायला निघालेला सुधारक बहुधा एकटा पडतो.

कीर्तनाआधी खराटा का?

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. मागे आई, पत्नी कुंताबाई आणि मुले. अंगावर चिंध्यांचे कपडे, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. भाकरी मागायची त्याच गाडग्यात, पाणी प्यायचे त्याच गाडग्यातून. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरले की ते कुणाला काही न सांगता रस्ते आणि गटारे साफ करायला लागत. लोक आधी वेडा समजत, मग पाहत उभे राहत, मग दोघे-चौघे लाजेकाजेने मदतीला येत. कीर्तन रात्री. म्हणजे स्वच्छतेबद्दल बोलायची वेळ येई तेव्हा श्रोते झाडलेल्या जागेवर बसलेले असत आणि ती झाडण्यात त्यांच्यातल्याच काहींचा हात असे.

या क्रमाला महत्त्व आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाहनतळावरच्या गाड्यांच्या काचेवर जाहिरातीचे कागद अडकवून ठेवले आणि चालक त्यांचे काय करतात ते पाहिले. आधीच कचरा पडलेल्या तळावर सुमारे ३२ टक्के लोकांनी कागद खाली टाकला, स्वच्छ तळावर सुमारे १४ टक्क्यांनी. सूचना कुठेच नव्हती. इथे सगळे काय करतात, याचा अंदाज माणूस जमिनीकडे पाहूनच बांधतो. बाबा आधी जमीन बदलत आणि मग तोंड उघडत.

ते प्रश्नच का विचारत?

बाबांचे कीर्तन म्हणजे सवाल-जवाब असे. अस्सल वऱ्हाडीत ते समोरच्या गर्दीला विचारत आणि उत्तर गर्दीच्याच तोंडून काढत. देवाला आंघोळ कोण घालतो, नैवेद्यावरचा कुत्रा कोण हाकलतो, बोकडाचा बळी शेवटी कुणाच्या पोटात जातो, कर्ज काढून केलेल्या तेराव्याचे पैसे कोण फेडतो. हजारो लोक एका सुरात उत्तर देत आणि उत्तर देऊन झाल्यावर आपणच काय बोललो हे त्यांच्या ध्यानात येई. स्वतःच्या तोंडून, तेही शेजाऱ्यांच्या देखत निघालेला शब्द फिरवणे कठीण जाते.

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हेच तपासले. मांसटंचाई होती, गृहिणींनी एरवी टाकून दिले जाणारे गुर्द्यांसारखे अवयव रांधावेत अशी सरकारची इच्छा होती. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले, काही गटांत बायकांनी आपसांत चर्चा करून सर्वांसमोर हात वर करून निर्णय घेतला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी ते रांधले, चर्चा केलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांनी.

याच सूत्राचा वेगळा धडा भिवंडीने दिला आहे. १९८४ च्या दंगलीने हे शहर होरपळले होते. १९८८ च्या सुमारास तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्ती-वस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात नेहमीच्या पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही समाजांतील साध्या रहिवाशांवर भर होता. ही माणसे पोलिसांसमवेत नियमित एकत्र बसत, बोलत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. सलोख्याची भाषणे तोवर दोन्ही शहरांत भरपूर झाली होती. उद्या परत ज्याच्यासमोर बसायचे आहे, त्याच्या दारावर दगड मारणे अवघड असते.

उपदेशापेक्षा पायरी

गाडगेबाबांची दुसरी रीत म्हणजे योग्य ते करणे सोपे करून ठेवणे. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. चिखलाच्या निसरड्या काठावरून भाविक घसरत. घर सोडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच बाबांनी तिथे घाट बांधवून घेतला. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती. समतेवर कीर्तने झालीच, पण चोखामेळा धर्मशाळाही उभी राहिली. तीच धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या, शिवाय शाळा, वसतिगृहे, सदावर्ते. निरक्षर माणसाने उभारलेल्या कामाचा हा पसारा पाहिला की बाबांना केवळ स्वच्छतेचे संत म्हणणे अपुरे वाटते.

मग फसवणूक कुठे सुरू होते?

माणसाच्या मनाचे हे कच्चे दुवे व्यापाऱ्यांनाही चांगले ठाऊक असतात. मोबाइलवर तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत आधीच पडलेली खूण, शेवटच्या दोनच वस्तू उरल्याची खोटी घाई, सदस्यत्व घ्यायला एक बटण आणि सोडायला दहा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. तंत्र तेच, मग गाडगेबाबा वेगळे कसे?

एक तर त्यांचे सगळे उघड्यावर होते. खराटा लपवता येत नाही. दुसरे, मिळालेल्या पैशाला त्यांनी स्वतःसाठी हात लावला नाही. लाखोंच्या इमारती विश्वस्तांच्या हवाली केल्या आणि स्वतः गाडग्यातली भाकरी खाल्ली. पाया पडायला येणाऱ्यांवर ते काठी उगारत. शिष्य केले नाहीत, मठाधिपती झाले नाहीत. याची किंमत मात्र घरच्यांनीही मोजली. धर्मशाळांची दारे परक्यांना उघडी होती आणि कुंताबाईंचे दिवस झोपडीत गेले. ही बाजू त्यांच्या गौरवात सहसा सांगितली जात नाही, पण ती सांगायला हवी. ज्याचा स्वतःचा काहीच लाभ नाही, त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो. तो विश्वास कुंताबाईंच्या वाट्यातूनही उभा राहिला होता.

त्यांच्यानंतर काय?

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि संस्थांचा कारभार एका छताखाली आला. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन अखेरचे ठरले. ते ध्वनिमुद्रित झाल्यामुळे आजही मोबाइलवर ऐकता येते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचे निधन झाले.

राज्य सरकारने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकासमंत्री होते. सरकारने आधी निधी द्यायचा आणि मग गावाने काम करायचे, हा शिरस्ता इथे उलटा केला. गावाने श्रमदानाने आधी काम करायचे, शेजारच्या गावांशी स्पर्धा करायची आणि जिंकल्यास बक्षीस घ्यायचे. भिवंडी तालुक्यासह राज्यभरच्या ग्रामपंचायतींसाठी ते खुले होते. शेजारचे गाव पुढे गेल्याची चुटपुट परिपत्रकापेक्षा जास्त काम करून गेली.

तपासणी समितीचा दौरा ठरला की गाव लख्ख होते आणि दौरा आटोपला की उकिरडा जागेवर परततो, अशी टीकाही या अभियानावर होत आली. बाबाही एका गावात फार मुक्काम करत नसत, कीर्तन आटोपून पुढची वाट धरत. पण भटकंतीच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत ते पुन्हा कधी येतील, याची तारीख कुठल्याच गावाला ठाऊक नसे.