कॉलेज सुटले, अध्ययन सुटले नाही

मेलकावेरी हा तमिळनाडूतील कुंभकोणमचा एक भाग. कावेरीकाठच्या या मंदिरनगरीत श्रीनिवास रामानुजन लहानाचे मोठे झाले. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पण दोनदा कॉलेज सुटलेला हा तरुण पुन्हा विद्यापीठात कसा पोहोचला, हे आपण जाणून घेतले पाहिजे. कदाचित आपल्याच घरातील कोणाला आज त्याची गरज असेल.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी झाला. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेले. तेथे गणिताशिवाय कशातच त्यांचे मन लागेना. इतर विषयांत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०६ मध्ये त्यांनी मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजात पुन्हा प्रवेश घेतला. एफ. ए. परीक्षेत तेथेही अपयश आले. १९०७ मध्ये पुन्हा तसेच झाले.

आता ना पदवी, ना नोकरी. घरची गरिबी तर होतीच. पण कॉलेज सुटले तरी त्यांनी अध्ययन सोडले नाही. कागद महाग, म्हणून ते पाटीवर गणिते करीत, कोपराने पुसत आणि फक्त निष्कर्ष वहीत उतरवीत. वही घेऊन ते जाणकारांची दारे ठोठावीत राहिले. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ त्यांना दरमहा २५ रुपये दिले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र लिहिले. हार्डींनी त्यांची योग्यता ओळखली आणि त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती मंजूर केली. पदवी नसलेल्या कारकुनासाठी विद्यापीठाचे दार उघडले!

१९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले. एकट्याने अभ्यास केल्यामुळे काही उणिवा राहिल्या होत्या. त्यांनी शोधलेल्या काही गोष्टी युरोपात आधीच सिद्ध झालेल्या होत्या आणि रीतसर सिद्धता देण्याची सवय त्यांना नव्हती. तेथे ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९१६ मध्ये संशोधनाच्या आधारे त्यांना केंब्रिजची बी. ए. पदवी मिळाली आणि १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वाचकहो, परीक्षेला महत्त्व नाही, असा याचा अर्थ काढू नका. त्या अपयशाने रामानुजन यांची उमेदीची वर्षे खाल्ली. बोध एवढाच की खंड पडला तरी रोजची साधना थांबू देऊ नये, योग्य माणसासमोर आपले काम ठेवताना संकोच करू नये आणि संधी मिळाली की नम्रपणे पुन्हा शिकायला बसावे.

आणखी एक गोष्ट. रामचंद्र रावांचे ते २५ रुपये आठवा. आपल्या गावात, गल्लीत कोणाचे शिक्षण अर्ध्यावर थांबले आहे का? आजच त्याच्या घरी जा. त्याची वही पाहा आणि जमेल तेवढी मदत करा.