एम्प्रेस मिलचे जमशेदजी टाटा

३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे जन्मलेल्या जमशेदजी टाटा यांनी कापड गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडले, तेव्हा अनेकांना ते अव्यवहार्य वाटले. परंतु कापूस याच प्रदेशात पिकत होता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि खरी अडचण पुढेच उभी राहिली. गिरणीच्या भोंग्याची सवय नसलेला कामगार घरापुरते मिळाले की कामावर येत नसे. रोज सुमारे वीस टक्के माणसे गैरहजर!

दंड ठोठावणे सोपे होते. जमशेदजींनी तो मार्ग टाळला. कामगारांच्या कुटुंबांसह क्रीडामेळावे भरवून त्यांनी सर्वांसमक्ष घड्याळे, सोन्याच्या साखळ्या आणि रोख बक्षिसे दिली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी व १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. भरपाईचा कायदा देशात १९२३ साली आला, हे ध्यानी घ्यावे. व्यवस्थापक बेझनजी मेहता तर रेल्वेतून आलेले, कापडधंद्याला सर्वस्वी नवखे. तरीही जमशेदजींनी गिरणीचा कारभार विश्वासाने त्यांच्या हाती सोपविला आणि त्यांनी तो यशस्वीपणे सांभाळला.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेदजींचे निधन झाले.