पेटी, प्रहसन आणि पु. ल.

जुन्या संगीत नाटकमंडळ्यांत गवयी नट आणि विनोदी नट ह्यांच्या पंगती निराळ्या असत. गवयी नटासाठी प्रेक्षक दूरगावाहून गाड्या जुंपून येत, त्याच्या पदांना वन्समोअर मिळे, त्याचे नाव जाहिरातीत ठळक अक्षरांत झळके. विनोदी नटाने मात्र दोन प्रवेशांमध्ये लोकांना हसवून गवयाच्या गळ्याला विसावा द्यावा, एवढीच त्याची योग्यता मानली जाई. हसविणारा मनुष्य हलका आणि गाणारा मनुष्य थोर, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली होती. ती ज्यांनी एकट्याच्या बळावर खोडून काढली, ते पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, म्हणजेच सर्वांचे पु. ल., ह्यांच्या चरित्राची ओळख ह्या अंकी करून देत आहोत.

देवस्थानाच्या पत्रिकेत विनोदी नटाचे चरित्र कशासाठी, अशी शंका एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाच्या मनात येईल. ती रास्त आहे. पु. लं.ना पूजाअर्चेत व कर्मकांडात रस नव्हता आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. तरीही त्यांची कला जिच्या कुशीतून आली ती जागा आपल्या देवळांतच आहे, असे आम्हांस वाटते. ते कसे, हे पुढे येईलच.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईस झाला. बालपण जोगेश्वरीच्या सारस्वत कॉलनीत आणि नंतर पार्ले येथे गेले. मातुल घराणे कारवारकडचे. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ ह्या नावाने लेखन करीत. आपल्या सणावारांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ जुन्या पिढीतील अनेक घरांत होता. रवींद्रनाथांची गीतांजली त्यांनी अभंगवृत्तात मराठीत आणली. नातवाने पुढे वयाच्या पन्नाशीत शांतिनिकेतनात मुक्काम करून बंगाली भाषेचा अभ्यास केला, त्याचे मूळ आजोबांच्या ह्या छंदात असावे. आजोबांचे सुरेख व्यक्तिचित्रही त्यांनी ‘गणगोत’ ह्या पुस्तकात रेखाटले आहे.

घरात गाणे होते. पुरुषोत्तम लहानपणीच पेटी वाजवू लागला, दत्तोपंत राजोपाध्ये ह्यांच्याकडे त्याने तिचे रीतसर शिक्षण घेतले, आणि कोवळ्या वयातच प्रत्यक्ष बालगंधर्वांसमोर पेटी वाजवून त्यांची शाबासकी मिळविली. बालगंधर्वांविषयीची त्यांची भक्ती जन्मभर टिकली. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले, त्यामागेही पु. लं.ची खटपट होती.

वडील लवकर निवर्तले आणि संसाराचा भार तरुण खांद्यांवर आला. शिकवण्या, पेट्रोल रेशनिंगच्या कचेरीतील कारकुनी, भावगीतांचे कार्यक्रम, शाळामास्तरकी असे जे मिळेल ते त्यांनी केले. ह्या धडपडीच्या दिवसांत जी माणसे भेटली तीच पुढे त्यांच्या लेखनात अवतरली. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीच्या सुनीता ठाकूर ह्यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. सुनीताबाई बेचाळीसच्या आंदोलनात उतरलेल्या, बाणेदार आणि काटेकोर. पु. ल. जितके मोकळेढाकळे, तितक्या त्या हिशेबी. ह्या जोडीतील दुसरी बाजू नसती तर पहिली इतकी फुलली नसती, असे त्यांच्या निकटच्या मंडळींचे मत होते आणि ते आम्हांस पटते.

आता आपल्या बेळगावाविषयी. राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. काही काळ मराठीचे प्राध्यापक होते. येथे त्यांना कृष्णराव हरिहर ऊर्फ रावसाहेब भेटले. घरची भाषा कानडी, बोलण्याची हौस मराठीत, आणि जीव ओवाळून टाकायचा तो गाण्यावर व नाटकावर, असा हा दिलदार गृहस्थ. ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल, कित्येकांनी पु. लं.च्या मुखातून ध्वनिमुद्रिकेवर ऐकलेही असेल. कानडीत निर्जीव वस्तूस स्त्रीलिंगी-पुल्लिंगी असा भेद नाही. त्यामुळे कानडी वळणाच्या मराठीत लिंगांची जी गंमत होते, ती पु. लं.नी तंतोतंत उतरविली आहे. आपल्या बोलीची थट्टा झाली असे मानून प्रारंभी काहींना ते खटकले असल्यास नवल नाही. परंतु चित्र शेवटपर्यंत वाचल्यावर ध्यानात येते की लेखक हसतो आहे तो रावसाहेबांच्या शेजारी बसून. शिव्या देणाऱ्या त्या तोंडाच्या मागचे हळवे मन त्याने ओळखले आहे. बोलीची नक्कल करणारे पुष्कळ असतात, पण त्या बोलीतील माणसाचे काळीज दाखविणारा विरळा.

पु. लं.च्या ठिकाणी ही किमया कशी साधली ह्याचा विचार करता उत्तर पेटीपाशी येते. पेटीवाल्याला साथ करताना स्वतःचे वादन आवरून गवयाच्या मनात काय चालले आहे ते टिपावे लागते. सूर कोठे टेकेल, समेवर कसा येईल, कोठे थांबेल, हे त्यास अगोदर कळावे लागते. पु. लं.नी वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशा मातब्बर मित्रांचे गाणे असे ऐकत, वाजवीत घालविले. माणसांचे बोलणे त्यांनी ह्याच कानाने ऐकले. रंगमंचावर त्यांचे वाक्य कोठे रेंगाळे, कोठे तुटे आणि प्रेक्षागृह नेमके कोणत्या शब्दावर फुटे, हे पाहिले की ती समेची जाण होती हे पटते.

चित्रपटांत त्यांनी १९४७ सालच्या ‘कुबेर’पासून कामे केली. ‘वंदे मातरम्’ (१९४८) मध्ये ते व सुनीताबाई दोघेही होती. संगीतकार म्हणून त्यांनी दिलेल्या चाली मात्र भूमिकांहून दीर्घायुषी ठरल्या. ‘देवबाप्पा’ (१९५३) मधील मोराचे बालगीत गदिमांनी लिहिले, आशा भोसले ह्यांनी गायिले, आणि ते येणार नाही असे मराठी मूल आजही क्वचितच सापडेल. त्याच वर्षीच्या ‘गुळाचा गणपती’ ह्या चित्रपटाची कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन व नायकाची भूमिका सर्वच पु. लं.चे. भोळ्या, सर्वांनी गृहीत धरलेल्या नाऱ्याची ती कहाणी. ह्याच विनोदी चित्रपटात भीमसेनांच्या आवाजातील इंद्रायणीकाठचे पद आहे. गदिमांची रचना, पु. लं.ची चाल. एकादशीस देवळात हे पद म्हटले जाते तेव्हा ते एका हास्यचित्रपटातील आहे ह्याची आठवणही कोणास होत नाही. मग त्या चित्रपटसृष्टीकडे त्यांनी जवळजवळ पाठ फिरविली आणि रंगभूमी गाठली.

तेथील आरंभ अपयशाचा होता. तुकोबांना घेऊन लिहिलेले ‘तुका म्हणे आता’ (१९४८) हे नाटक चालले नाही. रशियन नाटककार गोगोल ह्याच्या नाटकावरून केलेला ‘अंमलदार’ (१९५२) मात्र रंगला, आणि ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) ने त्यांस नाटककार म्हणून पक्के आसन दिले. ह्या नाटकातील काकाजी इंदूरचे. संस्थानी थाट, माळव्याच्या हिंदीने गोड झालेली मराठी, जगण्याची आसक्ती, आणि समोर विरक्तीचा ताठा मिरविणारे आचार्य. इंदूरचे रसिकाग्रणी रामुभैया दाते ह्यांचा पु. लं.ना निकट सहवास लाभला होता व त्यांच्यावरही त्यांनी लिहिले आहे. माळव्यात वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसाचा दिलदारपणा उभ्या महाराष्ट्रास ठाऊक झाला तो काकाजींमुळे. वैराग्याची टिंगल म्हणून ह्या नाटकावर कोणी रागावले तर त्याने आचार्यांचे अखेरचे प्रवेश पुन्हा पाहावेत. लेखकाची करुणा तेथे त्यांच्याकडेच वळलेली आहे.

१९५५ मध्ये ते आकाशवाणीवर रुजू झाले. येथे एक गमतीची गोष्ट नमूद करावीशी वाटते. आकाशवाणीने १९४० पासून पेटीला बंदी केली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. म्हणजे ज्या संस्थेत हा पेटीवादक अधिकारी होता, तेथे त्याच्या वाद्याला मज्जाव! पुढे विलायतेत बी.बी.सी.कडे शिक्षण घेऊन ते दिल्लीस गेले, आणि १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या निर्मात्यांपैकी ते एक होते. त्या प्रवासाचे वर्णन ‘अपूर्वाई’त आले. पक्की सरकारी नोकरी पुढे त्यांनी सोडली.

सोडून काय केले? १९६१ साली एकटेच रंगमंचावर उभे राहिले. ‘बटाट्याची चाळ’ ह्या आपल्या पुस्तकाचा प्रयोग त्यांनी एकपात्री केला. गिरगावातील एका चाळीचे सारे बिऱ्हाडकरू, त्यांची भांडणे, उपवास, सहली, सभा, सर्व एका देहात. वेषांतर नाही, देखावा नाही. लोकांस हे नवल वाटले, आणि पाश्चात्त्यांकडून आणलेला प्रकार असेही काहींनी म्हटले. येथे आमचे मत निराळे आहे. चातुर्मासात आपल्या देवळात बुवा उभे राहतात ते काय करतात? पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. घटकेत राजा, घटकेत दूत, घटकेत आंधळी म्हातारी. मध्येच पद, मध्येच कोटी, श्रोता हसून मोकळा झाला की हळूच काळजाला हात. मागे पेटी आणि तबला. लिखित नाटकाचा आधार नसताना एका माणसाने तीन तास सभा धरून ठेवण्याची विद्या नारदीय कीर्तनकारांनी शतकानुशतके जतन केली आहे. पु. लं.नी देवाच्या जागी चाळ ठेवली, पण उभे राहण्याची रीत तीच. आणि ‘चाळी’चा शेवट आठवावा. हशा ओसरतो, चाळ मोडकळीस आलेली आहे, तिच्यातील माणसे पांगलेली आहेत, आणि तेच चिंतन ऐकताना प्रेक्षक स्तब्ध होतात. हे उत्तररंगाचे तंत्र नव्हे तर काय?

पाठोपाठ १९६२ मध्ये ‘वाऱ्यावरची वरात’ आली, आणि पैसा व कीर्ती दोन्ही आली. ‘व्यक्ती आणि वल्ली’स १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार, १९६६ साली पद्मश्री, १९९० साली पद्मभूषण. १९६५ चे नाट्यसंमेलन व १९७४ चे इचलकरंजीचे साहित्यसंमेलन त्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. ‘ती फुलराणी’ (१९७५) त्यांचीच. ही यादी आणखी वाढविता येईल, पण वाचकांस ती ठाऊक आहे.

कमी ठाऊक आहे ते असे. पति-पत्नींची राहणी साधी, आणि मिळकतीचा मोठा वाटा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. प्रतिष्ठान स्थापून त्यातून देणग्या दिल्या, आणि कोणास, किती, कशासाठी, हे गाजविण्याचे टाळले. व्यसनाधीनांसाठी पुण्यास १९८६ साली निघालेल्या ‘मुक्तांगण’ केंद्राच्या उभारणीस त्यांचे साहाय्य होते. बाबा आमट्यांच्या आनंदवनाशीही त्यांचा जिव्हाळा होता. देणगीदाराच्या नावाची फरशी भिंतीत बसविण्याची आवड असलेल्या आपल्या समाजात ही गोष्ट सांगितली पाहिजे.

विनोदी माणूस वेळ आल्यास ताठ उभा राहतो हेही लोकांनी पाहिले. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी गावोगाव सभा गाजविल्या, आणि निकाल लागल्यावर पदांची अपेक्षा न धरता आपल्या लेखनाकडे वळले. १९९६ मध्ये ‘महाराष्ट्र भूषण’ स्वीकारतानाही सत्ताधाऱ्यांना रुचणार नाही ते बोलण्यास ते कचरले नाहीत, व त्याबद्दल टीकाही सोसली.

उतारवयात कंपवाताने त्यांना घेरले. पेटीवर सहज धावणारी बोटे त्यांच्या आज्ञेत राहिली नाहीत. ह्या माणसाला ह्याहून क्रूर व्याधी दुसरी कोणती असणार? तत्पूर्वी सुनीताबाईंसह त्यांनी मराठी कवितावाचनाचे कार्यक्रम केले, त्यांत गोव्याचे बा. भ. बोरकर ह्यांच्या कवितांचा कार्यक्रम विशेष गाजला. नाटक नाही, नक्कल नाही, समोर कागद आणि दोन आवाज. बोरकरांची कविता गात्या गळ्याचीच. ती वाचताना पु. लं.चा नट मागे सरे आणि साथीला बसलेला पेटीवाला पुढे येई. त्या वाचनाची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत.

पु. ल. १२ जून २००० रोजी पुण्यात निवर्तले. त्या दिवशी त्यांच्या विवाहास चौपन्न वर्षे पूर्ण होत होती. सुनीताबाई ७ नोव्हेंबर २००९ रोजी गेल्या. दुसऱ्या दिवशी पु. लं.चा नव्वदावा जन्मदिन होता.