खोली मिळेल का खोली?

जुलै उजाडला की पुण्यात दोन याद्या लागतात. एक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आणि दुसरी चहाच्या टपरीशेजारच्या विजेच्या खांबावर. पहिलीत नाव दिसलं की पोरं लगेच दुसरीकडे धावतात. कॉट बेसिसवर जागा, मेससह, फक्त मुलींसाठी, दोन महिन्यांचं डिपॉझिट. मग फोनाफोनी. आपण विचारतो भाडं किती, पाणी किती वाजता येतं, वायफाय आहे का. पलीकडून प्रश्न येतात गाव कुठलं, वडील काय करतात, नॉनव्हेज खाता का. आणि मग, जरा थांबून, आडनाव काय?

हा शेवटचा प्रश्न ज्यांना कधी टोचलाच नाही, त्यांनी आणि ज्यांना दरवेळी टोचतो त्यांनीही, एका विद्यार्थ्याच्या खोल्यांची ही गोष्ट वाचावी. हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या पदव्या आपल्याला पाठ असतात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. जयंतीच्या बॅनरवर त्या ओळीने छापलेल्या असतात. पण हा मुलगा राहत कुठे होता, जेवत काय होता, रूममेट कोण होता, हे आपण फारसं विचारत नाही. रूम शोधायच्या या दिवसांत ते विचारायला हरकत नाही.

सुरुवात मुंबईतून. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब घेऊन मुंबईत आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. एकच खोली. त्यातच चूल, भांडीकुंडी, जळण, माणसं. जातं तिथेच आणि बांधलेली शेळीही तिथेच. अशा खोलीत हायस्कूलच्या पोराने अभ्यास कसा करायचा? रामजींनी शोधून काढलेला तोडगा आजच्या कुठल्याही टाइम-मॅनेजमेंटच्या पुस्तकापेक्षा भारी आहे. त्यांनी जागेची वाटणी केली नाही, कारण वाटायला जागाच नव्हती. त्यांनी वेळ वाटला. भीम लवकर झोपायचा आणि वडील जागत बसायचे. रात्री दोनला ते मुलाला उठवायचे आणि मग त्याच जागी स्वतः आडवे व्हायचे. बिनकाचेच्या मिणमिणत्या दिव्याखाली मुलगा वाचत बसायचा. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तो हा असा.

पुढे कुटुंब परळच्याच बीआयटी चाळीत आलं. तिथे दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या मिळाल्या. म्हणजे एक संसाराला, एक पुस्तकांना. मुंबईच्या चाळीत ही चैनच की! याच सुमारास एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालं. कॉलेजमध्ये प्रवेश होता, बाकावर जागा होती, पण तिथला हॉटेलवाला या विद्यार्थ्याला चहा देत नव्हता, पाणीही नाही. कॅन्टीन म्हणजे कॉलेजचा निम्मा आनंद असं आपण म्हणतो. तो निम्मा इथे वजा.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले. त्याच वर्षी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायचा करार. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले. वय २२. घरी रमाबाई आणि सगळं कुटुंब, आणि त्या साडेअकरा पौंडांतूनच घरीही पैसे पाठवायचे.

आता इथे गंमत बघा. अनोळखी शहरात गेल्यावर आपण सगळे जे करतो, तेच त्यांनी केलं. पहिली मिळाली ती जागा घेतली आणि आठवड्यात बदलली. पहिला मुक्काम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात. तिथलं जेवण काही पचनी पडेना. धड शिजवलेलं नाही आणि बहुतेक पदार्थांत गोमांस. मेस आवडली नाही म्हणून हॉस्टेल सोडणारा विद्यार्थी, इतकी साधी गोष्ट आहे ही. तिथून ते ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. विद्यापीठ चालत काही मिनिटांवर आणि काही भारतीय विद्यार्थी तिथे आधीच राहत होते. ओळखीचं कुणीतरी जवळ असावं, ही गरज परळहून आलेल्यालाही असतेच.

पण खरी बैठक जमली ती तिसऱ्या जागी, लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. हेही कोलंबियाचंच वसतिगृह. आज त्या इमारतीचं नाव वॉलक हॉल आहे. इथे त्यांच्याबरोबर होते नवल भथेना, एक पारशी विद्यार्थी. ही दोस्ती आयुष्यभर टिकली. या नावाकडे पुन्हा यायचंय, लक्षात ठेवा.

लिव्हिंग्स्टन हॉलचं भाग्य काय, तर विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय, म्हणजे मोठाल्या पायऱ्या आणि घुमट असलेली लो लायब्ररी, त्याच आवारात. जागा निवडताना भाडं, मेस, मित्र हे सगळं बघावं, पण खोलीतून ग्रंथालयात जायला किती वेळ लागतो हेही बघावं. भीमरावांनी त्या अंतराचा पुरेपूर फायदा घेतला. तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी बघून दम लागतो. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. १९१५ मध्ये एम.ए. झालं. १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जेवणात काटकसर करून वाचवलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचे. अशी दोनेक हजार पुस्तकं जमली. रूममध्ये कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त असलेला एक तरी मित्र तुमच्याही ओळखीचा असेल, तसंच.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट होती. तिथे आडनाव विचारलं गेलं नाही. म्हणजे विचारलं असेल, पण त्यावर खोली अवलंबून नव्हती. मेस आवडली नाही म्हणून जागा सोडता येते, हवी ती जागा घेता येते, रूममेट निवडता येतो, हे त्यांनी पहिल्यांदा अनुभवलं ते घरापासून हजारो मैल दूर. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसली गेली होती.

ती परत आली बडोद्याच्या स्टेशनवर.

मधल्या काळात, १९१६ मध्ये, ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले होते. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये परतावं लागलं. करार होता, त्यामुळे सप्टेंबरमध्ये ते बडोद्याला नोकरीवर निघाले. एम.ए. झालेला, पीएच.डी.चा प्रबंध लिहिलेला माणूस. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न काय, तर राहायचं कुठे? हिंदू खाणावळी होत्या. पण जात लपवल्याशिवाय तिथे प्रवेश नाही आणि ती कळली तर काय होईल ते ठाऊक होतं. शहरात शिकलेले मित्र होते, पण त्यांच्या घरात आपलं स्वागत होईल याची खात्री नव्हती. शेवटी टांगा केला आणि एका पारशी पथिकाश्रमात गेले.

पथिकाश्रम फक्त पारशांसाठी. सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने वहीत नाव लिहायला मागितलं आणि अंगावर सदरा-कस्ती नाही हे त्याच्या लक्षात आलं. पण दुसरा कुणी पाहुणा नव्हता आणि त्यालाही चार पैसे हवे होते. तोडगा निघाला. वहीत पारशी नाव लिहायचं. रोजचा दीड रुपया, राहणं-जेवण धरून. आजच्या भाषेत पेइंग गेस्टच, फक्त नाव खोटं.

वरच्या मजल्यावर एक लहान झोपायची खोली आणि शेजारी न्हाणी. बाकी सगळा मोठा हॉल मोडक्या खुर्च्या, फळ्या, बाकं अशा अडगळीने भरलेला. बोलायला कुणी नाही. वीज नाही. रात्री म्हातारा एक कंदील आणून ठेवायचा, त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जात नव्हता. दिवसभर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम आणि रात्री या अंधारात पुस्तक. लिव्हिंग्स्टन हॉलनंतर ही खोली! सरकारी बंगला मिळावा म्हणून अर्ज केला होता, तेवढ्या आशेवर ते दिवस ढकलत होते.

अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघण्याच्या तयारीत असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. जागा बाटवली म्हणून शिव्या, धमक्या. संध्याकाळपर्यंत खोली खाली करा. भीमरावांनी आठ तासांची मुदत मागून घेतली आणि ते जागा शोधायला बाहेर पडले. एका हिंदू मित्राला विचारलं. त्याला वाईट वाटलं, पण याला घरात घेतलं तर नोकर निघून जातील ही त्याची अडचण. एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. त्याची बायको दुसऱ्या दिवशी येणार होती, तिला विचारून सांगतो म्हणाला. ते दोघं मूळचे ब्राह्मण कुटुंबातले, नवऱ्याचे विचार बदलले होते, बायकोचे नव्हते. नकार दोन्हीकडे सभ्यच. काठ्यांपेक्षा असा सभ्य नकार जास्त लागतो, असं मला तरी वाटतं.

मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. तिथे ते रडले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

इथे भथेना हे नाव पुन्हा येतं. काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि न्यूयॉर्कचा जिवलग रूममेटही पारशी. माणसांचे गठ्ठे बांधून हिशेब जमत नाही तो असा. मुंबईत परतल्यावर भीमराव सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि चाळीत राहून पगारातले पैसे साठवू लागले. डोळ्यासमोर लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास. १९२० मध्ये ते पुन्हा निघाले तेव्हा गाठीला स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांनी उसने दिलेले पाच हजार रुपये होते. त्या काळातले पाच हजार! रूममेट निवडावा तर असा.

लंडनमधली जागा वेगळीच. १९२१-२२ मध्ये ते प्रिमरोज हिल भागात १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. लंडनच्या त्या मुक्कामाची जी वर्णनं चरित्रांत येतात ती हॉस्टेलमधल्या कुणालाही जवळची वाटतील. घरमालकीण खाष्ट. सकाळी पावाचा तुकडा, मासळीचा लहानसा तुकडा आणि कपभर चहा. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय गाठायचं. दुपारचं जेवण नाहीच, पैसेही वाचतात आणि बसायची जागाही जात नाही. संध्याकाळी पहारेकरी उठवेपर्यंत वाचन, खिसे टिपणांनी फुगलेले. मग इतर ग्रंथालयं, आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक लागायची. एका परिचिताने दिलेले पापड होते. त्यातले चार पत्र्याच्या ताटलीवर भाजायचे, कपभर दूध प्यायचं आणि पहाटेपर्यंत पुस्तक. खोलीतल्या सोबत्याला जाग यायची तेव्हा हे बसलेलेच. तो झोपा म्हणायचा, आणि यांचं उत्तर ठरलेलं असायचं की पैसाही कमी आहे आणि वेळही.

डबक चाळीत रात्री दोनला उठणारा मुलगा तो हाच. तेव्हा जागा नव्हती म्हणून जागायचा, आता दिवस मोजके होते म्हणून. हे वाचून कुणी उपाशी राहून अभ्यास करायला जाऊ नका. त्या उपासमारीची किंमत शरीराने पुढे वसूल केलीच. आणि तिकडे परळच्या खोल्यांमध्ये रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. त्यांच्या उपासाचं टिपण कुणी केलं नाही.

१९२१ मध्ये एम.एस्सी., मग बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईत परतले आणि पुन्हा बीआयटी चाळ. डॉक्टर, बॅरिस्टर झाल्यावरही कितीतरी वर्षं पत्ता तोच राहिला. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, त्यात सगळ्यात मोठा मान पुस्तकांना.

लंडनचं ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. तिथे संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली होती. काही शेजाऱ्यांना गर्दीचा आणि आवाजाचा त्रास होईल असं वाटत होतं. २०२० मध्ये अखेर परवानगी मिळाली. आता लंडनला शिकायला जाणारी आपली मुलं तिथे जाऊन फोटो काढतात.

परतल्यावर त्यांनी सार्वजनिक कामाची सुरुवात केली ती १९२४ च्या जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन करून. सभेपुढे कामं ढीगभर होती. वाचनालयं, शाळा, अर्ज-विनंत्या. पण अगदी सुरुवातीलाच, १९२५ मध्ये, सभेने सोलापुरात जे उभं केलं ते होतं विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह. गावाकडून शिकायला आलेल्या मुलांची राहायची, जेवायची आणि दिवा लावून वाचायची सोय.