रावळगावची गोळी आणि वालचंदशेठ

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही नातवंडे पवनानगरला आली, की आमच्या पडवीत परीक्षा मंडळ बसते. यंदाचा विषय होता चॉकलेट आणि गोळ्या. वहीच्या पानावर उभ्या-आडव्या रेघा ओढून नावे लिहिली गेली आणि प्रत्येकासमोर दहापैकी गुण. दुधाचे चॉकलेट आले, कॅरॅमलचा बार आला, पार्लेची वेलदोड्याच्या वासाची किसमी आली. लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की आणि फज हे यजमान तालुक्याचे उमेदवार म्हणून बसवले. बॅंकेत तेहतीस वर्षे आकडेमोड केलेली असल्यामुळे बेरजा तपासण्याचे काम माझ्याकडे आले.

शेवटी मी माझ्या डब्यातून रावळगावची साधी गोळी पुढे केली. नातवाने तिला चार गुण दिले. तिच्यात आत काहीच नाही, अशी त्याची तक्रार होती. नातीने पाच दिले, तेही माझ्याकडे बघून. मी नऊ दिले. दोघांनी एकमुखाने हरकत घेतली, की आजोबा गोळीला मार्क देत नाहीत, लहानपणाला देतात. आक्षेप रास्त होता. पण तो पुरता खरा नव्हता. माझ्या नऊ गुणांतले चार-पाच एका माणसाचे होते, आणि त्या माणसाशी माझा गेली कित्येक वर्षे एक हिशेब अडकून पडला आहे.

आमच्या लहानपणी रावळगाव हे गावाचे नाव आहे हेच ठाऊक नव्हते. रावळगाव म्हणजे गोळी. वाढदिवसाला वर्गात रावळगाव वाटायचे, पाहुणे रावळगाव आणायचे. कागदाला दोन्ही बाजूंनी पीळ दिलेली ती गोळी तोंडात एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत पुरवायची. चॉकलेट विरघळून मोकळे होते. गोळी पुरवावी लागते. जो कडकडून चावेल तो अधीर, असा आमच्यात समज होता.

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या या गावात वालचंद हिराचंद यांनी आधी शेती उभी केली आणि १९३३ साली साखर कारखाना काढला. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवल्यावर देशभर कारखाने निघाले, त्यांतला हा एक. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे गोळ्या होऊ लागल्या. पान पसंद, मँगो मूड ही आपल्या ओळखीची मंडळी फार नंतरची. वालचंदशेठना जहाजांपुढे या गोळ्यांची कितपत फिकीर असेल, याची मला शंकाच आहे.

जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२चा. घराणे मुळात सौराष्ट्रातले, दिगंबर जैन, सोलापुरात येऊन कापूस आणि सावकारीत स्थिरावलेले. मुंबईला सेंट झेवियर्स आणि पुण्याला डेक्कन कॉलेज असे शिक्षण झाले, पण पदवी न घेताच ते घरच्या पेढीवर आले. पेढी चांगली चालली होती. गादीवर बसून व्याज मोजण्यात आयुष्य सुखाने गेले असते. (हे मी काहीशा जिव्हाळ्याने लिहितो; माझे तसेच गेले.)

त्यांना ते जमले नाही. लक्ष्मणराव फाटक नावाचे एक रेल्वेतले माजी कारकून त्यांना भेटले. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांकडे थोडा पैसा आणि अफाट उमेद. जैन सावकाराचा मुलगा आणि ब्राह्मण कारकून यांची ही भागीदारी बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा कामावर सुरू झाली. कुर्डुवाडी-बार्शीची ती अरुंद गाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल, की सुरुवात किती लहान होती.

तिथून पुढे ठेक्यांचा पसारा वाढत गेला. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामे मिळाली. मुंबईला पाणी आणणारे तानसाचे नळ, सिंधूवरचा कालाबागचा पूल, ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल ही कामे वालचंदांच्या कंपन्यांची. आमच्या मावळाच्या उंबऱ्यावरचे कामही त्यांचेच. बोरघाटात खंडाळ्याजवळ पूर्वी गाडीला दिशा बदलून उलटे चढावे लागे. १९२०नंतरच्या दशकात नवी वाट खोदून तो वळसा काढून टाकला, त्यासाठीचे बोगदे त्यांच्या कंपनीने पाडले. कामशेतला गाडी पकडून मी मुंबईला जातो, तेव्हा खंडाळ्यानंतर डब्यात अंधार होतो. त्या अंधाराला मी मनातल्या मनात वालचंद म्हणतो. नातवंडांना हे सांगितले, तेव्हा गोळीचा एक गुण वाढला.

माझ्यातला बॅंकवाला मात्र या माणसाकडे पाहून पहिल्यापासून अस्वस्थ होत आला आहे. १९१९चेच घ्या. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे लॉयल्टी नावाची आगबोट होती, युद्धात तिचा इस्पितळ म्हणून उपयोग झाला होता. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि इतर मंडळींनी ती विकत घेतली, शिंद्यांच्या नावाने सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आता आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण व्यवहाराच्या वहीत पाहिले तर? बोट जुनी. समोर ब्रिटिश कंपन्यांचा शंभर वर्षांचा दबदबा, दर पाडून कोणालाही बुडवण्याची त्यांची ऐपत. काही वर्षांतच बोट मोडीत निघाली. १९२३ मध्ये जो समझोता झाला, त्यात सिंदियाला किनाऱ्याच्या मालवाहतुकीपुरते बांधून घ्यावे लागले. त्या अटी अनेकांना मानहानीच्या वाटल्या. कंपनी मात्र जगली. त्या काळात हिंदी मालकीच्या इतर किती आगबोट कंपन्या बुडाल्या, हे पाहिले म्हणजे जगण्याचे मोल कळते.

हे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी काय शेरा मारला असता? अनुभव: बांधकामाचा, जहाजांचा नाही. तारण: एक म्हातारी बोट. बाजारपेठ: शत्रूच्या ताब्यात. शिफारस: नाही. लाल शाई, सही, तारीख.

आणि पुढचे प्रस्तावही असेच येत गेले असते. १९४०च्या डिसेंबरात बंगळूरला विमानांचा कारखाना, म्हैसूर सरकारच्या भागीदारीत. १९४१च्या जूनमध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. पारतंत्र्यातल्या देशात, एका माणसाने, पाच वर्षांच्या आत विमान, जहाज आणि मोटार या तिन्हींना हात घातला. इंग्रज सरकारचा पाठिंबा कधी अर्धा, कधी उलटा. मोटारीसाठी तर वर्षानुवर्षे हेलपाटे. प्रत्येक वेळी हाती असलेल्या भांडवलापेक्षा उडी मोठी. वालचंद हे कर्जाच्या दोरीवर चालणारे गृहस्थ होते, आणि चालता चालता दोरी लांब करून घ्यायचे.

या सगळ्याचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. विमानाचा कारखाना १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स त्याच रोपाची. गोदीतून पहिले जहाज, जलउषा, १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. गोदीही टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेली. वालचंदांना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी ते कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला वारले. प्रीमियरची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

कौतुकाच्या भरात एक खाते लपवू नये. साखर कारखान्यांच्या शेतीला जमीन लागते, ती आकाशातून पडत नाही. मराठी मुलखातल्या खासगी कारखान्यांनी हजारो एकर जमिनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतल्या. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या शेती महामंडळाकडे गेल्या. रावळगाव आणि वालचंदनगरच्याही. मूळ मालक मात्र खंडकरी म्हणून अर्धशतकभर अर्ज करीत राहिले. २०१२च्या सुमारास जमिनी परत मिळू लागल्या, तेव्हा अर्ज करणाऱ्या पुष्कळांची नातवंडे सही करायला आली. वालचंद त्याआधीच गेले होते, कायदा त्यांचा नव्हता, विलंबही त्यांचा नव्हता. तरीही साखरेच्या गोडीत हा एक खडा आहे. धरणाच्या काठी राहणाऱ्या माणसाला तो दाताखाली लागतो.

आमचे गाव धरणासाठी वसलेले, जुनी माणसे अजून काले कॉलनीच म्हणतात. पवना धरण १९७२च्या सुमारास पुरे झाले. तुंग आणि तिकोन्याच्या मधली गावे पाण्याखाली गेली, पाणी पिंपरी-चिंचवडला गेले आणि जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी म्हणून माणसे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागली.

१९८८ साली मी याच तालुक्यातल्या एका शाखेत होतो, नवा अधिकारी, शेऱ्यांची हौस असलेला. धरणात जमीन गेलेल्या घरातला एक तरुण कर्ज मागायला आला. लोणावळ्याला चिक्कीच्या भट्टीवर त्याने चार वर्षे पाक उकळला होता. त्याला गोळ्या काढायच्या होत्या, पंधरा हजार रुपये हवे होते. मी त्याची परीक्षा घेतली. त्याने सांगितले, की चिक्कीचा पाक पाण्यात थेंब टाकून कडक झाला की उतरवतात, गोळीच्या पाकाला त्याहून धीर लागतो. नुसती साखर उकळली तर ती थंड होताना पुन्हा दाणे धरते, म्हणून ग्लुकोजचे पातळ सरबत घालायचे. पाक दीडशे अंशांपर्यंत न्यायचा, म्हणजे पाणी शंभरात दोन-तीन भागच उरते आणि गोळी काचेसारखी होते. मावळच्या पावसात ती ओल ओढून चिकट होणार, म्हणून कारखाना आठ महिने चालवायचा आणि पावसाळ्यात फक्त विकायचे, असाही हिशेब त्याने केला होता. इतकी तयारी करून आलेला अर्जदार मी पुढच्या तीस वर्षांत क्वचितच पाहिला.

तारण नव्हते. जमीन पाण्यात, पर्यायी जमिनीचा निकाल नाही. नियमाप्रमाणे मी नकार लिहिला. नियम खरोखरच तसा होता, आणि मला त्याच्या आडोशाला बरे वाटले, हेही तितकेच खरे. साहेबांकडे शिफारस करून भांडता आले असते. मी भांडलो नाही.

वालचंदांचे गं. दे. खानोलकरांनी लिहिलेले चरित्र मी त्यानंतर काही वर्षांनी वाचले. वाचताना सारखा तो तरुण आठवत राहिला. तो वालचंद झाला असता, असे मी मुळीच म्हणत नाही. कदाचित दोन पावसाळ्यांत बुडाला असता. पण वालचंदांच्या हाताशी सोलापूरची पेढी होती, बुडायलासुद्धा थोडे भांडवल लागते आणि ते त्यांच्यापाशी होते. उमेद दोघांची सारखी असेलही. फरक तारणाचा होता, आणि तारण तपासायला मी बसलो होतो.

रावळगावच्या गोळ्यांचे व्यापारी नाव, पाककृती आणि हक्क २०२४च्या फेब्रुवारीत रिलायन्सच्या एका कंपनीने सत्तावीस कोटी रुपयांना घेतले. बातमी वाचून बऱ्याच जणांना हळहळ वाटली. मला मात्र आकड्याचे नवल वाटले. जहाजे गेली, विमाने गेली, मोटारी गेल्या, आणि साखरेच्या गोळीचे नाव, ऐंशी वर्षांनी, कोणी तरी पैसे मोजून घ्यावे इतके तोंडात टिकून राहिले. वालचंदशेठना हे कळले असते तर त्यांना आनंद झाला असता की राग आला असता, मला सांगता येत नाही.

सुट्टी संपली, नातवंडे निघाली. त्यांना कामशेतच्या गाडीत बसवून परतताना मी चौकातल्या टपरीवर चहा घेतला. टपरी त्याचीच आहे, त्या तरुणाची. आता तोही साठीला टेकला. मला तो अजून साहेब म्हणतो. काचेच्या तीन बरण्यांत तो गोळ्या ठेवतो, सगळ्या विकतच्या. त्या अर्जाचा विषय आम्ही दोघांनी सदतीस वर्षांत एकदाही काढलेला नाही. मी वीसची नोट दिली. सुट्टे नव्हते, म्हणून त्याने बरणीत हात घातला, दोन पान पसंद मोजून माझ्या तळव्यावर ठेवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा चहा गाळू लागला.