फुटक्या पिस्टनांचा देव्हारा

कॉलेजच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी गाडी असतेच. काकांची, मामांची, नाहीतर थेट आजोबांची. सकाळी दहा किका मारल्याशिवाय जागी होत नाही, चढावर धापा टाकते, आणि तिच्या मालकाला रोज कुणी ना कुणी सल्ला देतं की बाबा, विकून टाक आता ही. आजची गोष्ट हा सल्ला आयुष्यभर न ऐकलेल्या माणसाची आहे. त्याने 1920 मध्ये एक मोटरसायकल घेतली आणि तीच मोटरसायकल, हो तीच, 1967 मध्ये जागतिक विक्रमाला नेली. तेव्हा गाडी 47 वर्षांची होती आणि तो स्वतः 68 वर्षांचा. नाव बर्ट मन्रो.

तुमच्यापैकी काहींनी त्याच्यावरचा सिनेमा पाहिला असेल. 2005 चा, अँथनी हॉपकिन्सचा, ‘द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन’. नाव ऐकून वाटतं, कुणी आपलाच माणूस असणार. पण नाही. इंडियन हे अमेरिकेतल्या एका मोटरसायकल कंपनीचं नाव, आणि माणूस न्यूझीलंडचा. सिनेमात गोष्ट जरा गोड करून सांगितली आहे. खरी गोष्ट जास्त तेलकट आहे.

शेतावरचा पोरगा

बर्टचा जन्म 25 मार्च 1899 चा, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा. त्याची जुळी बहीण जन्मतःच गेली. जवळच्या एडनडेल भागात घरची शेती होती, आणि तिथेच तो वाढला. घरातला सगळ्यात वेगवान घोडा शेतातून भरधाव पळवायचा, वडील ओरडायचे, हा पुन्हा पळवायचा. शेतीपलीकडच्या गोष्टींत पोराने डोकं घालू नये असं वडिलांना वाटायचं. पण 1915 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने डग्लस नावाची ब्रिटिश मोटरसायकल घेतली आणि घोड्याचा विषय संपला.

मग काही काळ ओटिरा बोगद्याच्या कामावर मजुरी, मग पुन्हा शेत. 1919 मध्ये साइडकारवाली क्लायनो आली. बर्टने साइडकार काढून फेकली आणि तिच्यावर शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी घेतली ती इंडियन स्काउट. दोन सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन, 600 सीसी, जास्तीत जास्त वेग ताशी साधारण 89 किलोमीटर. कारखान्यातून बाहेर पडलेली ती 627 वी स्काउट. त्या काळी ही चांगली, भरवशाची गाडी समजली जायची. बस, एवढंच. रेकॉर्डबिकॉर्डसाठी ती बनलीच नव्हती.

इंजिन खोललं ते खोललंच

1926 च्या सुमाराला बर्टने गाडीत बदल करायला सुरुवात केली. आता इथे थोडं इंजिनचं शास्त्र समजून घ्यावं लागेल, कारण त्याशिवाय या माणसाचं वेड कळणार नाही.

इंजिनची ताकद वाढवायची तर सिलिंडरमध्ये जास्त हवा आणि त्या प्रमाणात जास्त इंधन गेलं पाहिजे. आज आपण त्यासाठी टर्बो लावतो. बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते दुसरं चक्र फिरवतं, आणि ते हवा दाबून इंजिनात ढकलतं. बर्टकडे असलं काही नव्हतं. त्याच्या स्काउटचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते, म्हणजे हवेला वळसा घालून आत यावं लागायचं. त्याने रचनाच बदलली, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. सिलिंडर मोठे केले. करता करता 600 सीसीचं इंजिन शेवटी 950 सीसीपर्यंत पोचलं.

पण फुकट काही मिळत नाही. ताकद वाढली की उष्णता वाढते, दाब वाढतो, आणि मूळ हिशोबात न बसणारा प्रत्येक पार्ट एकेक करून जीव सोडतो. आज पिस्टनला भोक, उद्या कनेक्टिंग रॉड तुटलेला, परवा आणखी काही. आणि नवीन पार्ट आणायचे कुठून? पैसे नव्हते. पुढे 1953 मध्ये तर इंडियन कंपनीचा कारखानाच बंद पडला.

म्हणून बर्टने पार्ट घरीच बनवले. जुन्या डब्यांचा साचा करून त्यात धातू ओतायचा आणि पिस्टन घडवायचा. सिलिंडर स्वतः केले, फ्लायव्हील स्वतः केलं. कनेक्टिंग रॉड जुन्या अ‍ॅक्सलच्या पोलादातून हाताने कोरून, घासून काढले. मापं घ्यायला महागडा मायक्रोमीटर नव्हता, तर चाकाची एक जुनी तार तो मापासाठी वापरायचा. आपल्याकडे याला जुगाड म्हणतील, पण जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. बर्ट वेळ मारून नेत नव्हता. एकेका पार्टवर तो कितीतरी दिवस घालवायचा, आणि तरीही तो पहिल्याच धावेत फुटायचा.

फुटला की काय करायचा? इथेच मला हा माणूस सगळ्यात जास्त आवडला. फुटलेला पार्ट तो भंगारात टाकायचा नाही. त्याच्या शेडमध्ये एक फळी होती. तिच्यावर वितळलेले पिस्टन, तुटलेले रॉड ओळीने मांडलेले, आणि वर लिहिलेलं की हे सगळं वेगाच्या देवाला अर्पण. म्हणजे आपल्या भाषेत देव्हाराच की! येणाजाणाऱ्याला गंमत वाटायची. पण मेकॅनिकच्या नजरेने बघितलं तर ती त्याची वही होती. कुठला पार्ट कुठून तडकला, कुठे जळला, कुठे घासला, सगळं समोर. पुढचा पार्ट कुठे जाड करायचा ते ही फळीच सांगणार.

घराने मोजलेली किंमत

इथपर्यंत वाचून आपणही असंच करायचं असं वाटत असेल तर जरा थांबा. 1927 मध्ये बर्टचं लग्न झालं, चार मुलं झाली. दिवसा तो मोटरसायकली विकायचा, रात्री स्वतःच्या इंजिनांवर बसायचा, आणि बऱ्याचदा रात्र तिथेच उजाडायची. स्काउटच्या जोडीला 1936 ची एक व्हेलोसेट मोटरसायकलही होती, तीही अशीच खोललेली. 1940 च्या दशकाच्या शेवटी लग्न मोडलं. नोकरीही सुटली. आणि बर्ट शेडमध्येच राहायला गेला. पलंग तिथे, चहा तिथे, लेथ तिथे, गाड्या तिथे. सिनेमात ही शेड फार गोड दिसते. पण एका घराच्या बदल्यात ती मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. वेडाचं कौतुक करताना त्याचं बिल कुणी भरलं हेही विचारायला हवं.

मिठावरचा म्हातारा

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. एका आटलेल्या सरोवराचा तळ, पांढराशुभ्र, सपाट, नजर पोचेल तिथपर्यंत. वेगाचे विक्रम करायला जगभरातून लोक इथे येतात. नियम सोपा पण कडक. एका दिशेने पळायचं, मग उलट दिशेने पळायचं, आणि दोन्हीची सरासरी धरायची. म्हणजे वारा पाठीशी असल्याचा फायदा कुणाला मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे इंजिन दोनदा टिकावं लागतं.

बर्ट एकूण दहा वेळा तिथे गेला. पहिल्यांदा फक्त बघायला, नंतर नऊ वेळा पळायला. गाडी न्यूझीलंडहून समुद्रमार्गे न्यायची, म्हणजे खर्च आलाच. तो हिंडून पैसे वाचवणारा, जमवणारा गडी. गाडीवर त्याने माशाच्या आकाराचं फायबरग्लासचं कवच चढवलं होतं, हवा कापायला. आत तो जवळजवळ आडवा झोपून चालवायचा. शर्यतींमध्ये तो अनेकदा पडला, जबर लागलं, पुन्हा उठला.

1962 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, 883 सीसीच्या गटात त्याने ताशी सुमारे 288 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. 1966 मध्ये 1000 सीसीच्या गटात सुमारे 270 किलोमीटरचा. आणि 1967 मध्ये त्याच 1000 सीसी गटात ताशी 295 किलोमीटर. त्याच वर्षी पात्रता फेरीत एका दिशेने त्याने 305 चा आकडाही ओलांडला. ताशी 89 किलोमीटरसाठी बनवलेली गाडी! छातीत दुखण्याचा त्रास तर त्याला 1950 च्या दशकाच्या अखेरीपासूनच होता, आणि तो घेऊनच हे सगळं चाललं होतं.

1977 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. अंग पूर्वीसारखं साथ देईना. आपल्या गाड्या गावाबाहेर जाऊ नयेत म्हणून त्याने त्या इन्व्हरकार्गिलमधल्याच एका दुकानदाराला विकल्या. 6 जानेवारी 1978 ला तो गेला, वय 78. ती स्काउट आजही त्या गावात, एका हार्डवेअरच्या दुकानात, पाने आणि स्क्रूंच्या रॅकांमध्ये बघायला मिळते. यापेक्षा योग्य जागा दुसरी कुठली असणार?

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण नाही. बर्टच्या मुलाच्या लक्षात आलं की 1967 च्या सरासरीचं गणितच चुकलंय. दोन्ही दिशांचे आकडे पुन्हा तपासले गेले आणि 2014 मध्ये, म्हणजे बर्ट जाऊन 36 वर्षं झाल्यावर, विक्रम दुरुस्त झाला. 295 चे 296 झाले. ज्या घराने त्याचं वेड सोसलं, त्याच घरातल्या मुलाने शेवटची दुरुस्ती केली.

आपल्या शेडमध्ये काय?

आपण कुणी मिठावर पळायला जाणार नाही. पण अनेकांच्या घरी जुनी टर्बो डिझेल गाडी असते, पंधरा-वीस वर्षांची, आणि ओढत नाही म्हणून तक्रार असते. अशा वेळी टर्बो गेला असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याला घाई. बर्टची फळी डोळ्यांसमोर आणा. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी पडतेय. मग आधी एअर फिल्टर बघा, हवेचा रबरी पाइप फाटलाय का, क्लॅम्प सैल आहे का ते बघा. कित्येकदा दोष एवढाच असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ते टर्बोच्या सीलमधून येतंय की पिस्टन रिंगांमधून हे आधी शोधायचं. आणि टर्बो खरंच गेला असेल तर तो का गेला? त्याला ऑइल पोचवणारी बारीक नळी गाळाने तुंबलेली असेल आणि ती तशीच ठेवून नवा टर्बो बसवला, तर तोही थोड्या दिवसांत त्याच वाटेने जाणार. पैसे पाण्यात.

म्हणजे पार्ट बदलणं ही अर्धी दुरुस्ती. तो का मेला हे कळणं ही उरलेली अर्धी. एका वेळी एकच गोष्ट बदला, गाडी पळवून बघा, लिहून ठेवा. इंजिन गरम असताना हात घालू नका, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, खाली स्टँड लावा. जिथे कळत नाही तिथे ओळखीच्या मेकॅनिककाकांना हाक मारा, पण ते काम करत असताना शेजारी उभं राहून बघा.

आणि निघालेला फुटका पार्ट टाकून देऊ नका. घरी आणा, पुसा, तारीख लिहा आणि एखाद्या फळीवर मांडून ठेवा. आई ओरडेल. ओरडू दे.