मुखपृष्ठामागची चित्रकर्ती

मासिक वाचून झाले की ते रद्दीत जाते. आणि त्याचे मुखपृष्ठ तर बहुधा त्याच्याही आधी फाटून जाते. आतल्या कथेचा लेखक निदान काही काळ वाचकांच्या स्मरणात राहतो, परंतु ज्या चित्राने आपल्याला खिशातील नाणी काढावयास लावली, त्या चित्राच्या कोपऱ्यातील सही वाचण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकेत निघणाऱ्या स्वस्त कथामासिकांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. त्या मासिकांपैकी 'वीअर्ड टेल्स' या मासिकाच्या मुखपृष्ठांवर 'एम. ब्रंडेज' अशी सही असे. त्या सहीमागे कोण होते आणि त्या व्यक्तीच्या वाट्याला काय आले, हे सांगण्यासारखे आहे.

ही मासिके 'पल्प' या नावाने ओळखली जात. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरबरीत, हलक्या कागदावर ती छापीत. फ्रँक मन्सी या प्रकाशकाने १८९६ साली आपले 'आर्गसी' मासिक या कागदावर काढले आणि पुढे त्याचे अनुकरण करणाऱ्यांची रांगच लागली. हा कागद थोड्या वर्षांत पिवळा पडतो आणि हात लावताच त्याचे तुकडे पडतात. आतील चित्रे काळ्या शाईतील आणि पुसट असत. रंगांची चैन काय ती फक्त गुळगुळीत कागदावरच्या मुखपृष्ठाला परवडे. रस्त्याच्या कडेच्या दुकानात अशी डझनांनी मासिके शेजारी शेजारी टांगलेली असत. त्यांतले कोणते उचलले जाणार, हे क्षणार्धात ठरे आणि ते मुखपृष्ठच ठरवी. १९२३ च्या मार्चमध्ये शिकागोत सुरू झालेले 'वीअर्ड टेल्स' हे भुताखेतांच्या आणि अद्भुताच्या कथांचे मासिक तर जन्मापासूनच पैशाच्या विवंचनेत होते. १९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर प्रत्येक अंकाचा खप हा त्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न होऊन बसला.

मार्गारेट जॉन्सन यांचा जन्म ९ डिसेंबर १९०० रोजी शिकागोत झाला. वडील त्यांच्या बालपणीच वारले. आई आणि आजी यांनी त्यांना वाढविले. मॅकिन्ली हायस्कूलमध्ये त्या शिकत असता वॉल्ट डिस्ने हाही त्याच शाळेत होता. पुढे तो जगाच्या घराघरांत पोचला. मार्गारेट मात्र शिकागोतच राहिल्या. शिकागो अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्समध्ये चित्रकलेचे शिक्षण घेऊन त्या वृत्तपत्रांसाठी स्त्रियांच्या पोशाखांची चित्रे काढू लागल्या. कापडाची चुणी कशी पडते, मान किती वळली म्हणजे रेषा डौलदार दिसते, याचा जो सराव या कामात झाला तो पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला.

१९२७ मध्ये त्यांनी स्लिम ब्रंडेज यांच्याशी विवाह केला. हे गृहस्थ व्यवसायाने रंगारी, वृत्तीने भटके आणि विचारांनी जहाल मजूरपक्षीय. शिकागोच्या 'डिल पिकल क्लब'मध्ये कवी, कामगार-पुढारी आणि बंडखोर यांच्या ज्या मैफली भरत, त्यांत त्यांचा वावर असे. अशा माणसाच्या सहवासात विचारांना खाद्य भरपूर मिळते. घरच्या चुलीला मिळेलच असे नाही. त्याच वर्षी मुलगा झाला. नवऱ्याचा पाय घरात टिकेना, आईही मार्गारेट यांच्याच आधारावर, आणि मंदीमुळे पोशाखांच्या चित्रांचे काम आटलेले, अशा स्थितीत त्या आपल्या चित्रांची वही घेऊन कामाच्या शोधात बाहेर पडल्या.

'वीअर्ड टेल्स'चे संपादक फार्न्सवर्थ राइट यांनी त्यांची पारख केली. आपल्या 'ओरिएंटल स्टोरीज' या दुसऱ्या मासिकाचे मुखपृष्ठ त्यांनी १९३२ मध्ये प्रथम त्यांच्याकडून काढून घेतले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या अंकापासून 'वीअर्ड टेल्स'ची दारे त्यांना उघडली. जून १९३३ पासून ऑगस्ट-सप्टेंबर १९३६ पर्यंत सलग ३९ अंकांची मुखपृष्ठे त्यांची आहेत. १९४५ पर्यंतची एकूण संख्या ६६ भरते. एका चित्राचे नव्वद डॉलर मिळत. मंदीच्या दिवसांत ही रक्कम तुच्छ नव्हती. महिन्याला एक चित्र या हिशेबाने एक संसार त्यावर उभा होता.

या चित्रांचे वैशिष्ट्य कशात होते? इतर बहुतेक मुखपृष्ठकार तैलरंगात काम करीत. ब्रंडेजबाई रंगीत खडू वापरीत. त्यामुळे त्यांच्या चित्रांतील कातडीला, केसांना आणि तलम वस्त्रांना एक मऊ तेज येई. पार्श्वभूमी त्या पुष्कळदा एकाच गडद रंगाची ठेवीत आणि सारा प्रकाश एकदोन आकृतींवर एकवटीत. ऑक्टोबर १९३३ च्या अंकावरील चित्र पाहावे. वटवाघळाचे शिरोवस्त्र ल्यालेली एक स्त्री आपल्याकडे रोखून पाहत आहे. ना प्रेत, ना रक्त, ना कवटी. तरीही अंगावर काटा येतो. मे १९३४ च्या अंकावर रॉबर्ट हॉवर्ड यांचा कॉनन हा रानवट योद्धा त्यांनी रंगविला. पुढे या पात्राची असंख्य चित्रे निघाली, परंतु ही मूर्ती त्यांच्या फार पूर्वीची आहे.

भक्ताने डोळे मिटून घेऊ नयेत, म्हणून उणेही सांगितले पाहिजे. त्यांचे पुरुष बरेचदा लाकडी वाटतात आणि त्यांचे राक्षस भीतीपेक्षा कुतूहलच अधिक जागे करतात. शिवाय या चित्रांतल्या स्त्रिया बव्हंशी विवस्त्र किंवा अर्धवस्त्र आणि संकटात सापडलेल्या आहेत. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट यांच्यासारख्या लेखकाला ही मुखपृष्ठे मुळीच रुचत नसत. कथेशी त्यांचा संबंध नसतो, अशी त्यांची तक्रार होती. उलट सीबरी क्विन यांच्यासारखे व्यवहारी लेखक कथेत असा एखादा प्रसंग मुद्दाम घालीत की, मुखपृष्ठाचा मान आपल्याच कथेला मिळावा! वाचकांच्या पत्रव्यवहारातही या चित्रांवर बाजूने आणि विरुद्ध दीर्घकाळ वाद चालला होता.

या वादात भर पडली ती एका उलगड्याने. सहीतील 'एम.' म्हणजे कोणी पुरुष असावा, असे अनेक वाचक धरून चालले होते. ती स्त्री आहे हे १९३४ मध्ये मासिकानेच जाहीर केले. एका स्त्रीने अशी चित्रे काढावीत, हा आक्षेप मग आला. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. काय खपते हे बाजार ठरवीत होता आणि काय छापावयाचे हे संपादक. लेखक तसे प्रसंग पुरवीत होते आणि वाचक पंचवीस सेंट मोजून अंक घरी नेत होते. एवढ्या साखळीत जाब मात्र विचारावयाचा तो जिच्या हातात खडू आहे आणि जिच्या मागे मूल आहे तिला, हा न्याय चमत्कारिक आहे. ती चित्रे निर्दोष होती असे मी म्हणत नाही. परंतु त्यांतील कित्येक स्त्रिया केवळ बळी नाहीत, हेही नजरेआड करता येत नाही. काही जादूगारिणी आहेत, काही राण्या आहेत, काहींच्या हाती शस्त्र आहे. आणि त्या वटवाघळी स्त्रीच्या डोळ्यांत तर भयाचा लवलेश नाही. मागणी बाजाराची होती हे खरे. ती पुरविताना या बाईंनी आपले काही त्यात घातले, हेही तितकेच खरे.

१९३८ मध्ये मासिक विकले गेले आणि त्याचे बिऱ्हाड न्यूयॉर्कला गेले. ब्रंडेजबाई शिकागोतच राहिल्या. खडूचे चित्र म्हणजे कागदावर बसलेली रंगीत धूळ. जरा घसटले की ते फिसकटते. ते शेकडो मैल पाठविणे जोखमीचे होते. त्यातच महापौर ला गार्डिया यांच्या न्यूयॉर्कमध्ये मासिकांच्या सभ्यतेविषयीचे दंडक कडक झाले होते. राइट यांची प्रकृती ढासळत गेली आणि १९४० साली ते निवर्तले. गुण जाणणारा संपादक गेला, माध्यम प्रवासाला नालायक ठरले आणि ज्या शैलीने मासिक खपविले तीच शैली अडचणीची झाली. कामे तुरळक होत होत १९४५ मध्ये थांबली. दरम्यान १९३९ मध्ये घटस्फोटही झाला होता.

त्यानंतरची तीस वर्षे थोडक्यात सांगता येतात, आणि हीच खेदाची गोष्ट आहे. त्या चित्रे काढीत राहिल्या, शिकागोतील कलामेळाव्यांतून ती मांडीत राहिल्या. परंतु पूर्वीसारखे नियमित काम पुन्हा मिळाले नाही. एकुलता मुलगा त्यांच्या हयातीतच गेला. जुन्या मासिकांचे शौकीन त्यांना शोधीत येऊ लागले तेव्हा त्या वृद्ध झाल्या होत्या. जवळची काही मूळ चित्रे चोरीलाही गेली. ९ एप्रिल १९७६ रोजी त्यांनी देह ठेवला, तो गरिबीतच. आज त्यांच्या हातची मूळ चित्रे अगदी थोडी उरली आहेत आणि ती लिलावात निघाली की श्रीमंत संग्राहकांत चढाओढ लागते. २०१३ मध्ये त्यांच्या कलेवर एक देखणा सचित्र ग्रंथही निघाला. नव्वद डॉलरांवर संसार चालविणाऱ्या बाईंना यांतले काहीच पाहावयास मिळाले नाही.

आम्ही ही मुखपृष्ठे पाहिली ती पुनर्मुद्रणांतूनच. तरीही ती पाहताना मन गुंतते, याचे कारण केवळ गतकाळाचे आकर्षण नव्हे. अल्प मोबदल्यात, ठरलेल्या मुदतीत, दुसऱ्याने नेमून दिलेल्या विषयावर काम करावयाचे आणि तरीही ते मन लावून करावयाचे, हा अनुभव शाळेत शिकविणाऱ्याला किंवा कचेरीत लेखणी चालविणाऱ्याला परका नाही. संग्रहालयातील चित्रांना त्यांचे पहारेकरी असतात. रद्दीच्या वाटेवर असलेल्या चित्रांना वाचकाखेरीज कोणी नाही. म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते की, जुने मासिक हाती आले तर आतल्या कथेकडे वळण्यापूर्वी मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातील सही एकदा वाचावी आणि कोठेतरी टिपून ठेवावी. ब्रंडेजबाईंच्या बाबतीत हे काम काही मोजक्या शौकिनांनी केले नसते, तर 'एम.' या अक्षरापलीकडे आज आपल्याला काहीच ठाऊक नसते.